दूध केंद्राच्या वेबसाइटच्या नोंदी : भूम तालुका

काम काय होतं ते आधी. भूम तालुक्यातलं एक खासगी दूध संकलन केंद्र, साठेक उत्पादक, गायीचं आणि म्हशीचं असं दोन्ही दूध. सगळा हिशेब रजिस्टरवर. तो वेबसाइटवर आणायचा, पावती छापायची आणि उत्पादकाला आपलं खातं मोबाइलवर दिसलं पाहिजे. कामावर बीसीएचे चार शिकाऊ विद्यार्थी, दोन जोड्यांत. एक जोडी स्क्रीनवर, दुसरी सर्व्हर आणि डेटाबेसवर. अर्ध्या वाटेवर जोड्यांनी कामं बदलली.

साधनं मुद्दाम थोडी ठेवली : एचटीएमएल, सीएसएस, साधी जावास्क्रिप्ट, सर्व्हरलाही जावास्क्रिप्टच, नोड आणि एक्सप्रेसवर, डेटा एसक्यूलाइटमध्ये (सगळा डेटाबेस एका फाइलीत). रिअॅक्टसारखं तयार फ्रेमवर्क घेतलं नाही. चार पानांच्या कामाला ते लागत नाही, आणि शिकणाऱ्याला चूक आपली की फ्रेमवर्कची हेच उमगत नाही. असं काम कुणी हातात घेणार असेल तर पुढच्या नोंदींतला दर, केबल आणि तारीख हा भाग आधी वाचावा.

६ जानेवारी २०२५

संगणक बंदच. दोन्ही वेळेला काट्यापाशी उभं राहून क्रम लिहून काढला : कोड नंबर, माप, नमुना, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), पावती. रांगेतल्या एका माणसामागे अर्धा मिनिट मिळतो. माउसला हात लावायला वेळच नसतो, म्हणून संकलनाचं पान पूर्ण कीबोर्डवर चाललं पाहिजे. एंटर दाबलं की पुढचा रकाना, शेवटच्या रकान्यात एंटर म्हणजे पावती.

दुसरी गोष्ट रजिस्टरच्या मागच्या पानांवर सापडली. एकाने दूध घालणं बंद केलं की त्याचा कोड नंबर नव्या माणसाला दिला जातो. विद्यार्थ्यांनी कोड नंबरच टेबलाची मुख्य किल्ली, म्हणजे माणूस ओळखायची एकमेव खूण, धरला होता. तसं केलं असतं तर जुन्या माणसाचं दूध नव्याच्या खात्यावर चढलं असतं. आता उत्पादकाला आतला वेगळा क्रमांक आहे, आणि कोड नंबर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुणाकडे होता याचं वेगळं टेबल. नावावरून शोध ठेवलाच नाही, कारण नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली माणसं एका गावात निघतात.

आणखी एक. खव्याला भाव आला की काही घरांचं दूध भट्टीकडे वळतं. म्हणून एखाद्या वेळेची नोंद नसणं ही चूक नव्हे. 'दूध आलं नाही' असा लाल इशारा स्क्रीनच्या जोडीने हौसेने केला होता, तो काढून टाकला.

११ जानेवारी

गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर, दोन दिवस गेले. नोड-मॉड्यूल्स (बाहेरून घेतलेला तयार कोड) फोल्डर सकट चढवल्याने रेपॉझिटरी, म्हणजे गिटमधला कोडचा साठा, फुगली. केंद्राच्या मोबाइल नेटवर ती उतरेना. पहिल्याच कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी, काय वगळायचं ते सांगणारी गिट-इग्नोर फाइल करावी, नंतर काढलं तरी इतिहासात वजन राहतंच.

दुसरी अडचण फाइलींच्या नावांची. एका फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होतं, कोडमध्ये ते लहान अक्षराने बोलावलेलं. विंडोजवर चाललं, लिनक्स सर्व्हरवर 'मॉड्यूल सापडत नाही'. विंडोजवर फाइलचं नाव नुसतं अक्षराच्या आकाराने बदललं तर गिटला पत्ता लागत नाही, 'गिट एमव्ही' वापरावं लागतं. तेव्हापासून सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांत.

१६ जानेवारी

केंद्रावर मराठी कीबोर्ड आहे आणि आकडे मराठीतच टाइप होतात. 'नंबर' प्रकारच्या रकान्यात क्रोम ते आकडे घेतच नाही, दाबलं तरी रकाना कोराच. रकाना 'टेक्स्ट' केला तर '४.१' दिसतं, पण जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही, उत्तर 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') येतं. उपाय सोपा आहे : रकाना 'टेक्स्ट', इनपुटमोड 'डेसिमल', आणि हिशेबाआधी दहा मराठी अंक बदलून घेणारं पाच ओळींचं फंक्शन. ते सर्व्हरवरही ठेवलं, फक्त ब्राउझरवर विसंबलं नाही.

याचीच उलटी बाजू दोन दिवसांनी निघाली. रक्कम दाखवायला 'एमआर-आयएन' लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिलं की आकडे आपोआप मराठी होतात आणि स्वल्पविरामही लाख-हजाराच्या जागी पडतात. दिसायला छान. पण एकूण बेरीज करणारा कोड स्क्रीनवरचाच मजकूर वाचून बेरीज करत होता, तिथे पुन्हा 'नॅन'. स्क्रीनवर दाखवलेला आकडा हिशेबासाठी परत वाचायचा नाही, हा नियम भिंतीवर लावला.

२२ जानेवारी

सगळ्यात महागात पडली असती अशी चूक इथे होती. या केंद्राच्या दरपत्रकात गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. फॅटच्या प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, लिटरमागे ३० पैसे वाढ. चाचणीसाठी पायाचा दर ३४ रुपये धरला. कोड असा होता : फॅटमधून ३.५ वजा, ०.१ ने भागा, पूर्णांक घ्या, ३० पैशांनी गुणा.

३.६ आणि ३.७ ला उत्तर बरोबर. ३.८ आणि ३.९ ला एक पॉइंट कमी. ४.० ला पुन्हा बरोबर. ४.१ ला कमी, ४.२ बरोबर, ४.३ कमी. चाचणीचे आकडे ३.५, ४.० आणि ४.५ असे गोळाबेरीज घेतले असल्याने सगळं हिरवं दिसत होतं.

कारण असं की संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या पायात साठवतो आणि ४.१ तिथे नेमका मावत नाही. ४.१ वजा ३.५ चं उत्तर ०.६ न येता ०.५९९९९९९९९९९९९९९६ येतं, भागून ५.९९, आणि पूर्णांक घेतला की ५. ८.७ लिटर, ४.१ फॅट, ८.५ एसएनएफ या दुधाला दर ३५.८० ऐवजी ३५.५० लागला, रक्कम ३११.४६ ऐवजी ३०८.८५. एका वेळेला २ रुपये ६१ पैसे. दोन्ही वेळा, बिलाचे दहा दिवस, तर ५२ रुपये २० पैसे, आणि तेही ठरावीकच उत्पादकांचे. असल्या फरकावर केंद्र बदलणारी माणसं आहेत, आणि ती बरोबर असतात.

जवळच्या पूर्णांकात बदलणारं 'राउंड' लावून चूक झाकता आली असती. तसं केलं नाही, कारण तीच खोट बेरजेत पुन्हा डोकं वर काढते. फॅट आता पॉइंटमध्ये पूर्णांक म्हणून साठवलं जातं (४१), दूध मिलिलिटरमध्ये (८७००), पैसे पैशांतच (३११४६). भागाकार फक्त शेवटी, एकदाच. डेटाबेसमध्ये दशांशाचा रकाना एकही उरला नाही. चाचणीत ३.० ते ६.० पर्यंतचा प्रत्येक पॉइंट आहे आणि उत्तरं दरपत्रकावरून हाताने उतरवलेली, कोडने काढलेली नव्हेत.

२८ जानेवारी

अॅनालायझर (फॅट-एसएनएफ मोजणारं यंत्र) बंद पडला की लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीच्या) डिग्रीवरून एसएनएफ काढतात. इंटरनेटवर सूत्रं दोन-तीन मिळतात आणि विद्यार्थ्यांनी पहिलं सापडलेलं उचललं. डिग्री २८, फॅट ४.१ घेऊन पाहा. डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२१ पट, अधिक ०.३६ केलं तर ८.२ येतं. फॅटच्या ०.२२ पट आणि ०.७२ धरलं तर ८.६. एकच दूध, एका सूत्राने पायाच्या खाली, दुसऱ्याने वर. कुठलं सूत्र धरायचं हे दूध घेणारी डेअरी ठरवते. दोन्ही स्थिरांक सेटिंगच्या टेबलात ठेवले आणि डेअरीच्या छापील तक्त्यावरचे आकडे घेतले.

पैशांच्या गोळाबेरजेचंही तसंच. रजिस्टरमध्ये प्रत्येक ओळीला पैसे सोडून रुपये लिहितात, वेबसाइट शेवटी एकदाच गोळा करत होती. दहा दिवसांच्या बिलात पाच-दहा रुपयांचा फरक यायचा. कुठली पद्धत न्याय्य यावर चर्चा रंगली, पण तो निर्णय कोड लिहिणाऱ्याचा नाही. केंद्रचालकाने पैशांसकट हिशेब मान्य केला, रजिस्टरमध्येही पैसे लिहायला सुरुवात झाली, मग जुळणी सोपी झाली.

३ फेब्रुवारी

अॅनालायझरच्या मागे आरएस-२३२ (जुन्या धर्तीचं सीरियल) पोर्ट आहे. तिथून आकडे थेट पानात आणायचे ठरलं. क्रोममध्ये 'वेब सीरियल' नावाची सोय आहे, ती डेस्कटॉपवर चालते, आणि पान एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) किंवा लोकलहोस्टवर (त्याच संगणकावर) असलं तरच.

पहिली अडचण केबलची. बाजारातून आणलेल्या यूएसबी केबलमध्ये पीएल-२३०३ चिप होती, जुनी किंवा नकली. विंडोज ११ चं ड्रायव्हर तिला ओळखतं आणि वापरायला नकार देतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिप २०१२ पासून बंद असल्याचं लिहून येतं. यात दीड दिवस गेला, सगळे कोडमध्येच चूक शोधत राहिले. २८० रुपयांची सीएच-३४० चिपची केबल लावली आणि पोर्ट लगेच दिसलं. बॉड रेट (आकडे पाठवण्याचा वेग) मशीनच्या पुस्तिकेत बघावा. तो चुकला तर अक्षरांची खिचडी येते, काहीच न येणं म्हणजे बहुधा केबल किंवा तारांची अदलाबदल.

दुसरी अडचण जास्त लबाड. मध्येच एखाद्याचं फॅट ४.१ ऐवजी ४ नोंदलं जाई आणि पुढच्या वाचनात सुटा १ येई. सीरियल पोर्ट ओळी पाठवत नाही, बाइट पाठवतो, आणि ब्राउझरच्या हातात ते तुकड्यांनी येतात. एका तुकड्यात '४.' तर पुढच्यात '१' आणि ओळीचा शेवट. कोड प्रत्येक तुकडा म्हणजे पूर्ण वाचन समजत होता. आता आलेलं सगळं एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जमा होतं, ओळ संपल्याची खूण दिसली तरच तेवढा भाग तोडून वाचला जातो, उरलेलं तसंच राहतं. शिवाय फॅट २ च्या खाली किंवा १२ च्या वर असेल तर पान पुढे जात नाही, संकलकाला हाताने पक्कं करावं लागतं.

११ फेब्रुवारी

१ तारखेपासून रजिस्टर आणि वेबसाइट सोबत चालवली. पहिलं दहा दिवसांचं बिल जुळलं नाही. एकूण दूध जुळत होतं, दिवसागणिक नाही. आज सकाळचं काही दूध १० तारखेला पडलेलं. चुकलेले सगळे कोड नंबर लवकर येणाऱ्यांचे.

संकलन पाचला सुरू होतं. तारीख काढायला कोडमध्ये 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' करून पहिली दहा अक्षरं घेणारी ओळ होती. ही ओळ इंटरनेटवर जिथे तिथे सापडते आणि चॅटबॉटही तीच देतो. ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देते, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. ११ तारखेची पहाटेची ५.१२ म्हणजे यूटीसीत १० तारखेची रात्रीची ११.४२. साडेपाचच्या आतलं सगळं दूध आदल्या दिवशी पडत होतं. एरवी हे खपून गेलं असतं, पण १, ११ आणि २१ तारखेला ते थेट मागच्या बिलात जातं. विद्यार्थी दुपारी काम करत, त्यामुळे चाचणीत हे कधी दिसलंच नाही.

घड्याळ अर्धा तास पुढे करा, साडेपाच तास मिळवा, असे तोडगे सुचले. घेतले नाहीत. संकलनाची तारीख आणि वेळ (सकाळ/संध्याकाळ) हे दोन स्वतंत्र रकाने केले. तारीख 'एशिया/कोलकाता' टाइमझोन देऊन काढली जाते आणि मजकूर म्हणून साठते. नोंद नेमकी कधी झाली तो क्षण वेगळ्या रकान्यात, यूटीसीतच. एसक्यूलाइटचं 'डेट नाऊ' हेसुद्धा यूटीसी देतं, अहवालांच्या क्वेरीत ते तीन जागी होतं. पहाटे ५.१२ आणि ५.३१ या दोन वेळा चाचणीत कायमच्या घातल्या. जुन्या नोंदी क्षणाच्या रकान्याअभावी हाताने, रजिस्टर शेजारी ठेवून दुरुस्त झाल्या.

१५ फेब्रुवारी

फुकट होस्टिंग सोडलं. तिथे नवा कोड चढवला की डिस्क कोरी होते आणि एसक्यूलाइटची फाइल त्या डिस्कवरच असते. दोन दिवसांचा चाचणीचा डेटा गेला, खरा हिशेब रजिस्टरवर होता म्हणून निभावलं. शिवाय पान काही वेळ कुणी उघडलं नाही की सर्व्हर झोपतो, पहाटे पहिल्या माणसाला मिनिटभर थांबावं लागे. छोटा व्हीपीएस (भाड्याचा, सतत चालू राहणारा सर्व्हर) घेतला, १ जीबी रॅम, पुरून उरते.

बॅकअपला नुसती डेटाबेस फाइल कॉपी करू नये. 'वॉल' मोड चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात आणि कॉपीत येत नाहीत. एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञा वापरावी. रोज रात्री एक प्रत काढली जाते आणि आठवड्याला एक प्रत उघडून बेरीज बघितली जाते.

१८ फेब्रुवारी

लाइट गेली की राउटर जातो, केंद्राचा संगणक इन्व्हर्टरवर असतो. नोंदी ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, इंडेक्स्ड-डीबीत, थांबतात आणि नेट आलं की जातात. पहिल्याच संध्याकाळी दुबार नोंदी. नोंद सर्व्हरवर पोचली होती, पोच परत येता येता नेट गेलं, ब्राउझरने पुन्हा पाठवली. कोड नंबर, तारीख आणि वेळ यांवर दुबार अडवणं चालत नाही, कारण एकच माणूस गायीची आणि म्हशीची किटली आणतो, कधी गायीच्याच दोन. म्हणून प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) मिळतो. सर्व्हरला तो आधीच माहीत असेल तर नवीन नोंद न करता जुनीच पोच पाठवतो. ते यूयूआयडी देणारं फंक्शन साध्या एचटीटीपीवर मिळत नाही. वायफायवरून मोबाइलवर आयपी पत्ता टाकून तपासताना पान कोलमडलं ते यामुळे.

२२ फेब्रुवारी

पावती. ५८ मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर, २,१०० रुपये. प्रिंटरला थेट मजकूर पाठवला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं. या प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसतेच. ड्रायव्हर बसवून ब्राउझरच्या प्रिंटने छापलं की अक्षरं चित्र म्हणून जातात आणि जोडाक्षरं नीट येतात. कागद ५८ असला तरी छपाई ४८ मिलिमीटरवरच होते, उजवीकडची रक्कम कापली जात होती ती त्यामुळे. पानाची उंची सीएसएसमध्ये 'ऑटो' चालत नाही, आकडा द्यावा लागतो. ८० मिलिमीटर ठेवली. प्रत्येक पावतीला प्रिंटची खिडकी उघडू नये म्हणून क्रोमच्या शॉर्टकटला 'किओस्क प्रिंटिंग' हा पर्याय जोडला. ओळींमधलं अंतर १.५ च्या खाली नेलं की वरच्या वेलांट्या-मात्रा छाटल्या जातात.

२६ फेब्रुवारी

चाचणीच्या फाइलीत उत्पादकांचे खरे बँक खाते क्रमांक होते आणि रेपॉझिटरी सार्वजनिक. फाइल काढून नवा कमिट केला, पण जुन्या कमिटमध्ये ती कुणालाही उघडता येते. पासवर्ड बदलता येतो, खाते क्रमांक नाही. रेपॉझिटरी पूर्ण पुसली, इतिहासाशिवाय नवी खासगी केली, केंद्रचालकाला सांगितलं. चाचणीला आता बनावट नावं आणि शून्यांचे खाते क्रमांक.

१ मार्च

तिसरं बिल बिघडलं. कोड २१ तारखेपासून दहा दिवस मोजत होता, फेब्रुवारी २८ चा, त्यामुळे बिल २ मार्चपर्यंत गेलं आणि आज सकाळचं दूध त्यात शिरलं. ३१ च्या महिन्यात शेवटचा दिवसच गळाला असता. शेवटचा हप्ता 'पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आदला दिवस' असा काढला. पेंडीची कपात आणि उचल याच बिलातून वजा होते. रक्कम उणे गेली तर बिल शून्य आणि बाकी पुढे, हे केंद्राच्या चालू रीतीप्रमाणे.

८ मार्च

खर्च : डोमेन वर्षाला ७५०, व्हीपीएस महिन्याला ४८०, प्रिंटर २,१००, केबल दोन मिळून ५६०, कागदाचे रोल २४०. एसएमएस सोडून दिला. केंद्राच्या नावाने मेसेज पाठवायला दूरसंचार कंपनीकडे डीएलटी नोंदणी लागते, प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि नुसती नोंदणीच या सगळ्या सामानापेक्षा महाग पडते. कागदी पावती आणि मोबाइलवरचं खातं पुरे.

खात्याच्या पानाला लॉगिन म्हणून कोड नंबर आणि चार आकडी पिन दिला आहे. दहा हजारच पिन शक्य असल्याने पाच चुका झाल्या की पंधरा मिनिटं कुलूप. पिन विसरला तर केंद्रावर येऊन बदलायचा, ऑनलाइन सोय नाही.

१५ मार्च

११ मार्चचं बिल पैशापैशाने जुळलं. रजिस्टर अजून महिनाभर सोबत चालेल. उरलेली कामं : दर बदलला की मागच्या तारखेची नोंद दुरुस्त करताना आजचा दर लागतो, तिथे दरालाही 'कधीपासून' तारीख हवी. म्हशीच्या दरपत्रकाच्या चाचण्या अर्ध्याच लिहिल्या आहेत. आणि सीरियल पोर्टची परवानगी क्रोम अपडेटनंतर एकदा गेली होती, तिचं कारण लागलेलं नाही. तोवर फॅट हाताने भरायचा रकाना काढायचा नाही.